अपोलोला चार पानं वाहिली असती तर?

कडक_भाकरी:
लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली इंग्रजी मालिका लागायची. आमच्या चाळीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्यातल्या एंटरप्राइज या अंतराळजहाजाला मुठीत धरणारा तो अवाढव्य हात हिरवा आहे, हे मला परवा कळलं!

१९६७ चा भाग, 'हू मोर्न्स फॉर अ‍ॅडोनेस?' (अ‍ॅडोनेससाठी कोण रडतं?). पोलक्स ४ या ग्रहावर ग्रीकांचा देव अपोलो भेटतो, पाच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये येऊन गेलेल्यांतला शेवटचा. कुणी विचारेना म्हणून बाकीचे देव वाऱ्यात विरून गेलेत. हा एकटाच माणसांची वाट बघत देवळापाशी राहिलाय. जहाजावरच्या फेझरनं, म्हणजे किरणांच्या तोफेनं, देऊळ उडवलं तेव्हा आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या.

परवा तो भाग परत बघताना दादा, म्हणजे माझे वडील, शेजारी येऊन बसले. "काय बघालास रे?" इंग्रजी येत नाही, मी सांगत गेलो. शेवटी जहाजाचा कप्तान कर्क म्हणतो, थोडी लॉरेलची पानं गोळा केली असती तर आपलं काय बिघडलं असतं? मी म्हटलं, आपल्या बेलासारखं समजा. दादा म्हणाले, "मग वाहायची हुती की बे. पानाला काय पैसं लागतेत?"

टाळी काही वाजवता आली नाही. तुम्हाला आता कर्क बरोबर वाटतो का?

पूर्वभाग_अण्णा:
पानांवर भागत नव्हतं ओ. चारशेवर माणसं जहाजातून उतरवून शेळ्यामेंढ्या राखायला लावणार होता तो! कर्कचं बरोबरच आहे.

मला वाईट वाटतं कॅरोलिनचं. जहाजावर जुन्या संस्कृतींची जाणकार तीच, अपोलोवर जीव लावून बसलेली तीच, आणि कर्कच्या हुकमावरून "तुझ्यावर प्रेम म्हणजे नव्या जातीच्या जिवाणूवर प्रेम" असं तोंडावर सांगणारीही तीच. फेझर नंतर सुटतात. त्याच्या आधीचा अपोलोचा चेहरा परत बघा. अपोलो झालेल्या मायकेल फॉरेस्टनं २०१३ मध्ये चाहत्यांनी काढलेल्या एका भागात म्हातारा अपोलो केला, ४६ वर्षांनी.

गड्ड्यातला_पाळणा:
कर्कचं ते वाक्य, माणसाला देवांची गरज नाही, एक आहे तेवढा पुरे. सोलापुरात बसून ऐकलं की हसू येतं. आमच्याकडं ६८ शिवलिंगं आहेत, संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, घेऊन सगळ्यांना फेरी असते. बाराबंदी हा पांढरा पारंपरिक अंगरखा घालून एकदा चाललोय, टाचेचे फोड आठवडाभर होते. एकावर भागतंय कुठं?

पण अपोलोचं चुकलं ते वेगळंच. आमच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात आधी माणसं जमवून तळं खणलं, हात जोडणारे मागून आले. याचं आधी पाया पडा, मग बघू. आणि भागाचं नाव इंग्रज कवी शेलीच्या कवितेतलं, त्याचा कवीमित्र कीट्स गेल्यावर १८२१ मध्ये लिहिलेल्या. ते शीर्षक वाचूनच मी निम्मा विरघळतो, हे कबूल.

कडक_भाकरी:
अण्णा, शेळ्यांचं मान्य.

माझी अडचण वेगळी आहे. दादा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर वर्षभर ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून, शर्ट घालून दाराशी बसायचे. आई चहा द्यायची, कुणी काही बोलायचं नाही. परवा देवळाच्या पायऱ्यांवर अपोलो दिसला आणि मला तो शर्ट आठवला.

पाळणेवाले, तुमचं तळ्याचं दादांना सांगितलं. म्हणाले, "काम दिलं असतं तर केलं असतं की त्यानं."