सेकंडहँड गाडीची चावी एकच मिळाली, दुसरी शोरूममधून करू की घरी येणाऱ्या चावीवाल्याकडून?

घाटरस्ता (कराड):
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात 2015 ची डिझेल स्विफ्ट घेतली. पहिला मालक पुण्याचा, माणूस बरा वाटला, गाडी पण ठीक आहे, पण चावी एकच दिली. दुसरी कुठेय विचारलं तर म्हणे घर बदलताना कुठल्यातरी खोक्यात गेली, सापडली की कुरिअर करतो. आता ती काय सापडत नाही असं मी धरूनच चाललोय.
एकाच चावीवर गाडी वापरायची म्हणजे जीव टांगणीला, कुठे पडली हरवली तर गाडी जागेवरच. कंपनीच्या वर्कशॉपला विचारलं तर रिमोटसकट साडेसहा हजाराच्या आसपास, चावी मागवायला आठ-दहा दिवस, आणि येताना गाडी, हातातली चावी, आरसी, आधार सगळं आणा म्हणाले. इकडे कोल्हापूरचा एक चावीवाला आहे, मशीन घेऊन दारात येतो, तासाभरात करून देतो म्हणतो, अडीच हजार आणि वर यायचे पाचशे. फरक मोठाय म्हणून मन तिकडे ओढतंय, पण ह्या चिप-बिपच्या भानगडीत गाडीचंच काही बसलं तर? कुणी बाहेरून केलीय का?

नाना_पेठ_फेरी:
शोरूम. डोळे झाकून शोरूम. माझ्या मेव्हण्याने तीन हजार वाचवायला रस्त्यावरच्या एकाकडून करून घेतली, चावी दोन महिने चालली, मग कधी गाडी चालू व्हायची कधी नाही, डॅशबोर्डवर ते चावीचं लाल चित्र फडफडत बसायचं. तो माणूस फोन उचलेना. शेवटी शोरूमलाच गेला. बिल असेल तर भांडता तरी येतं राव.

वायरिंगवाला (कोल्हापूर):
मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, चाव्या करत नाही, त्यामुळे माझा ह्यात काय फायदा नाही, पण बिघडलेल्या केसेस माझ्याकडे येतात म्हणून लिहितोय.
आधी हे समजून घे की तुझ्या चावीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लोखंडी पातं, जे दार उघडतं आणि इग्निशन फिरवतं. दुसरा रिमोट, सेलवर चालणारा, तो फक्त लॉक-अनलॉक करतो. आणि तिसरी चिप, मारुतीवाले त्या सिस्टिमला आयकॅट्स म्हणतात. चिपला सेल लागत नाही, इग्निशनभोवती एक कॉइल असते ती चिपला करंट पण देते आणि तिचा कोड पण वाचते. कोड जुळला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू ठेवतो. म्हणून नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडेल पण गाडी चालू राहणार नाही. आणि रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी चालू होत नाही असं अशा चावीत होत नाही, लोक उगाच घाबरतात.
मेव्हण्यांची केस न बघता सांगता येत नाही, पण माझ्याकडे अशा ज्या गाड्या येतात त्यात बऱ्याचदा चिप हलकी असते नाहीतर चावीच्या डोक्यात नीट बसवलेली नसते. अजून एक कॉमन प्रकार सांगतो, लोक ऑनलाइन फ्लिप कीचं रिकामं कव्हर मागवतात, घरी बसून रिमोटचं सर्किट आणि पातं त्यात टाकतात, आणि चिप जुन्या कव्हरात तशीच राहते, कारण काही चाव्यांत ती सर्किटवर नसते, बाजूच्या खाचेत एक काळा तुकडा असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. जुनं कव्हर कचऱ्यात. मग गाडी टो करून माझ्या दारात.
मुद्द्याचं म्हणजे, तुझ्याकडे एक चालू चावी आहे, हे सोपं काम आहे. सगळ्या चाव्या हरवल्या असत्या तर मी वेगळं बोललो असतो.

घाटरस्ता:
दादा एवढं डिटेल कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे चावीवाला चालेल?

वायरिंगवाला:
चालेल, पण त्याला फोनवरच एक विचार, तू क्लोन करणार का प्रोग्राम करणार? क्लोन म्हणजे तुझ्या चिपचा कोड दुसऱ्या चिपवर उतरवायचा, गाडीला हात लावायचा नाही, गाडीला वाटतं तीच जुनी चावी आली. स्वस्त आणि पटकन. प्रोग्राम म्हणजे स्टेअरिंगखाली गाडी तपासायचं मशीन जोडायचं सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट, त्याला मशीन लावून नवीन चिप ईसीयूमध्ये रजिस्टर करायची.
तुझ्या बाबतीत मी प्रोग्रामच कर म्हणेन, कारण तुझी दुसरी चावी हरवलेली नाही, ती कुणाकडे आहे ते तुला माहीत नाही, ह्यात फरक आहे. मालक चांगला असेल, पण त्याचा जुना ड्रायव्हर, मधला एजंट, गॅरेजवाला, कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडली असेल काय सांगावं. क्लोन केलीस तर ती चावी अजून चालूच राहणार. प्रोग्राम करताना जुन्या सगळ्या चाव्या पुसून तुझ्या हातातल्या दोनच रजिस्टर करता येतात, आणि बऱ्याच मशीनवर आत किती चाव्या आहेत तो आकडा पण दिसतो. काम झाल्यावर तो आकडा तुझ्या डोळ्याने बघ, दोनच पाहिजेत.
एक मात्र आहे, पुसलेल्या चावीने गाडी चालू होणार नाही पण पात्याने दार उघडेलच, कुलूप तेच आहे. तेही नको असेल तर लॉकसेट बदलावा लागतो, 2015 च्या गाडीला मी तो खर्च करणार नाही, गाडीत लॅपटॉप ठेवू नकोस म्हणजे झालं.

बोरिवली_लोकल:
इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही अजून. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी सगळ्या ओरिजिनल चाव्या मागते, सहसा दोन. एकच दिली किंवा एक ओरिजिनल एक बाहेरची दिली की सर्व्हेअर प्रश्न विचारायला सुरुवात करतो, गाडी चावीसकट सोडली होती का, दुसरी कुणाला दिली होती का, आणि फाइल महिनोन्महिने लटकते. म्हणून पहिल्या मालकाकडून आजच व्हॉट्सॲपवर नको, साध्या कागदावर लिहून सही घ्या की गाडी विकताना एकच चावी दिली. आणि नवीन चावी जिथून कराल तिथून बिल घ्या, गाडी नंबर टाकून. चावीवाला बिल देत नसेल तर तिथेच विषय संपला माझ्यासाठी.
आरसी नावावर झाली का? पॉलिसी पण नावावर करायला विक्रीपासून 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, बरेच जण आरसीच्या मागे लागतात आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहते. मग चाव्या दोन असून पण उपयोग नाही.

घाटरस्ता:
आरसी आली, पॉलिसीचं राहिलंय 😬 उद्याच करतो.

नाना_पेठ_फेरी:
बघा, बिल, पॉलिसी, पुसणं, शेवटी सगळं शोरूमकडेच येतंय. साडेतीन हजाराचा फरक आहे फक्त.

वायरिंगवाला:
नाना, तुमचं चुकीचं नाही, पण शोरूममध्येसुद्धा तेच काम होतं, कंपनीच्या मशीनवर. मी कधी शोरूमला पाठवतो सांगू का? पुश बटण स्टार्टची नवी गाडी असेल तर, वॉरंटी चालू असेल तर, आणि सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर. त्या वेळी बाहेरचा माणूस कधी कधी ईसीयू नाहीतर बीसीएम (दारं, लाइट सांभाळणारा कॉम्प्युटर) उघडून मेमरी वाचायला बसतो, तिथे हात चुकला तर चावीचे वाचवलेले पैसे बाजूलाच राहतात. दहा वर्षं जुन्या चिपच्या चावीला, एक चालू चावी हातात असताना, चांगला चावीवाला पुरतो. चांगला हा शब्द महत्त्वाचा.

शिरोळकर_ताई:
आम्ही अशीच घरी बोलावून केली होती, वॅगनआरची. त्याने आल्याआल्या आधी गाडीच्या बॅटरीला मीटर लावला, कमी दाखवत होता तर म्हणाला चार्ज करा नाहीतर दुसरी जोडा, प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर काम अर्ध्यात अडकतं. आरसी पण बघायला मागितली, ह्यांना राग आला की आमच्याच दारात आम्हालाच कागद मागतो, पण मला उलट बरं वाटलं. जो कागद न बघता चावी करतो तो उद्या आमच्या गाडीची दुसऱ्याला पण करून देईल की.
आणि भाऊ, गाडीसोबत चावी नंबरचा छोटा टॅग असतो, जुन्या मालकाकडे कागदांच्या पाकिटात आहे का विचारा. आमची चावी घासलेली होती, तिच्यावरून कापली असती तर घासलेलीच नक्कल झाली असती. नंबरवरून पातं कापलं तर नव्यासारखं बसतं.

घाटरस्ता:
अपडेट. जुन्या मालकाला फोन केला, टॅग मिळाला!! फोटो पाठवला त्याने, आणि एकच चावी दिल्याचं लिहून द्यायला पण तयार झाला. कोल्हापूरच्या चावीवाल्याशी पण बोललो. बिल देतो, गाडी नंबर टाकून. प्रोग्राम करून जुन्या पुसायचे तीनशे जादा. आरसी बघितल्याशिवाय हात लावत नाही म्हणाला, मी काही विचारायच्या आधीच. रविवारी बोलावलाय. नाना माफ करा 😄

वायरिंगवाला:
बेस्ट. चेक करताना एक काळजी घे, नवीन चावी लावून बघताना जुनी चावी घरात ठेव, त्याच रिंगमध्ये लटकवू नकोस. कॉइलने शेजारच्या जुन्या चिपचा कोड वाचला तर गाडी चालू होते आणि तुला वाटतं नवीन चावी ओके. माणूस पैसे घेऊन गेल्यावर कळतं. तो असतानाच नवीन चावीने चार-पाच वेळा चालू बंद कर, एकदा लॉक करून दहा मिनिटं थांबून परत चालू कर, दोन मिनिटं इंजिन चालू ठेव. मग पैसे दे.

नाना_पेठ_फेरी:
रविवारी काय झालं ते इथे टाका. मेव्हण्याला लिंक पाठवतोय, त्याची अजून एक चावी करायची राहिलीय.