१५ वर्षांच्या मुलासाठी थेरपिस्ट हवाय (न्यू जर्सी, बजेट ८० डॉलर)

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आयडीवर जाऊ नका, मी साताऱ्याची लेक. नवरा ब्लॅक अमेरिकन, नेवार्कमध्ये वाढलेला. मुलगा १५ वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच. घरात तो अजून 'बाळ्या' आहे. घराबाहेर त्याला कोणी बाळ्या समजत नाही.

जानेवारीपासून बिनसलंय. दारं आपटणं, रात्री दोन-दोनपर्यंत जागणं. बास्केटबॉल सोडलं. जेवायला हूडी डोक्यावर ओढून बसतो, वरणभात चिवडतो आणि उठून जातो. शाळेत एका मुलाशी बाचाबाची झाली. आवाज दोघांनीही चढवला होता, पण दोन दिवस घरी बसवलं ते फक्त ह्याला. चिठ्ठीत शब्द होता 'अ‍ॅग्रेसिव्ह'. मला मात्र भलतीच गोष्ट लागली. दर दुसऱ्या शनिवारी बाबाबरोबर नेवार्कला बार्बरकडे जाणारा पोरगा सात आठवडे तिकडे फिरकलेला नाही. बार्बरने कपाळावर केसांची आखलेली रेघ जरा पुसट झाली तरी ह्याला शाळेत जाववत नसे.

डॉक्टरांनी प्रश्नावली भरून घेतली. मध्यम डिप्रेशन आहे, थेरपी सुरू करा म्हणाल्या. इन्शुरन्समध्ये एक गोऱ्या बाई आहेत, घरापासून दहा मिनिटांवर, पण नंबर लागायला दोन महिने. दुसरे एक ब्लॅक गृहस्थ, पाऊण तासावर, इन्शुरन्स घेत नाहीत, सेशनचे १९० डॉलर. नाहीतर मग ऑनलाइन. आमचं बजेट सेशनला ८०, त्यावर खरंच जमणार नाही. काय करू?

पार्सिपनीकर
डोळे झाकून १९०वाले घ्या. पोरापुढे पैसा काय चीज आहे? आम्ही मुलीसाठी मॅनहॅटनमध्ये २२५ मोजतो. पार्किंग वेगळं.

साताऱ्याची_सून
बजेट ८० आहे हो.

बंड्या_बोलघेवडा
आमच्या वेळी वडिलांनी एक ठेवून दिली की सगळं डिप्रेशन पळायचं. फार लाडावता तुम्ही तिकडे. उन्हाळ्यात साताऱ्याला पाठवा, आजीच्या हातचं खाईल, चार भावंडांत रमेल, महिन्याभरात ताळ्यावर.

साताऱ्याची_सून
पाठवला होता, २०२३ मध्ये. आजीने पहिल्याच सकाळी साय-बेसन कालवून घेतलं. 'उन्हात खेळू नको रे राजा, आणखी काळा पडशील.' प्रेमानेच म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. गल्लीतली पोरं ह्याच्याबरोबर सेल्फी काढायची आणि पाठ वळली की जे म्हणायचे ते ह्याला कळायचं, कारण मराठी मीच शिकवलंय. परत आल्यापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलतो.

अटलांटाची_मृण्मयी
ताई, आमचंही घर असंच आहे. माझा मुलगा आता १९ चा. आम्ही तीन थेरपिस्ट पालथे घातले, म्हणून सांगते.

पहिल्या बाई गोऱ्या, स्वभावाने चांगल्या. दुकानात सिक्युरिटीवाला मागे-मागे फिरतो हे ह्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, 'तो तुझ्याच मागे होता, अशी खात्री आहे तुला?' गाडीत बसल्यावर लेकाने एवढंच सांगितलं, परत नाही. दुसरे ब्लॅक, पण ते सासूबाईंच्या चर्चमधले निघाले. तिथे कुठला तोंड उघडतोय! तिसऱ्या डॉमिनिकन बाई, तिथे दोन वर्षं टिकला.

अमेरिकेत शंभर मानसशास्त्रज्ञांत जेमतेम चार-पाच ब्लॅक, त्यात पुरुष आणखी थोडे. तसाच हवा म्हणून अडून बसलात तर वर्ष जाईल. बहुतेक जण पहिला पंधरा मिनिटांचा फोन फुकट करतात, त्यात सरळ विचारा: ब्लॅक किशोरवयीन मुलांबरोबर काम केलंय का? त्याने वर्णभेदाचं काही सांगितलं तर काय करता? उत्तर देताना चाचरले की समजून जा. 'थेरपी फॉर ब्लॅक मेन' नावाची यादी आहे, तिथेही शोधा. अभिनेत्री तराजी हेन्सन हिने २०१८ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढली, ती काही मोफत सेशनं देते. अर्ज कधी घेतात त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

गुलमोहर
धाग्यात सतत 'ब्लॅक' वाचायला कसंतरीच वाटतं. 'कृष्णवर्णीय' हा चांगला मराठी शब्द असताना?

अटलांटाची_मृण्मयी
माझा नवरा स्वतःला ब्लॅक म्हणतो. त्याला कृष्णवर्णीय म्हटलं तर मागे वळूनही बघणार नाही.

जुनी_पोथी
या निमित्ताने आठवण करून देतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तीसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आपलं नातं जुनं आहे.

टवाळखोर
आणि त्याच महाराष्ट्रात स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी हवी'. नातं जुनं आहे खरं.

जुनी_पोथी
तुम्हाला प्रत्येक धाग्यावर हेच कसं सुचतं?

निमा_नर्स
भांडा तुम्ही, मी कामाचं लिहिते. लहान मुलांच्या वॉर्डात वीस वर्षं काढली आहेत.

डिप्रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडवेला चेहरा येतो. या वयात मात्र निदानाच्या निकषांतच उदासीच्या जागी चिडचिड धरलेली आहे. गोरा मुलगा चिडला की तो 'मूडी', तुमचा चिडला की 'अ‍ॅग्रेसिव्ह'. २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, ब्लॅक मुलं दहाव्या वर्षापासूनच लोकांना वयापेक्षा मोठी आणि कमी निरागस वाटतात असा. तुमचा तर सहा फुटी. शाळेकडून घटनेचा लेखी अहवाल मागा. निदान झालंच आहे, तर ५०४ प्लॅनसाठीही शाळेकडे लेखीच अर्ज करा, त्यात आजारपणामुळे शाळेत सवलती मिळतात.

ताई, त्याला मरणाचे विचार येतात का, हे याच शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसत नाही, उलट पोरं सुटल्यासारखी बोलतात. घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, साध्या टायलेनॉलसकट (म्हणजे पॅरासिटामॉल). ९८८ ही आत्महत्येच्या विचारांसाठीची हेल्पलाइन, फोन किंवा मेसेज, चोवीस तास. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचाही. त्याला आठ ते दहा तास झोप हवी.

साताऱ्याची_सून
विचारलं काल. 'नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं' म्हणाला. हात कापत होते माझे.
नवऱ्याला ९८८ ची धास्ती आहे. फोन करायचा आणि दारात पोलीस आले तर? पोलिसांच्या गोळीने गेलेला टमीर राइस १२ वर्षांचा होता, हे त्याने पोराला १२ व्या वाढदिवसानंतर सांगितलंय.

निमा_नर्स
'उठूच नये' हे डॉक्टरांना आजच फोन करून कळवा, पुढच्या भेटीची वाट बघू नका.
त्यांची भीती खोटी नाही. ९८८ चे बहुतेक फोन बोलण्यावरच मिटतात. शिवाय न्यू जर्सीत मुलांसाठी राज्याची वेगळी सोय आहे, परफॉर्मकेअर. तिथे फोन केला की साधारण तासाभरात समुपदेशक घरी येतो, फुकट, दिवसरात्र. तो नंबर फ्रिजवर लावा. पण जिवावरचं काही असेल तर घोळ घालत बसायचं नाही, ९८८ किंवा इमर्जन्सी.

शांतचित्त
इगतपुरीला विपश्यना. माझं आयुष्य बदललं. सोबत अश्वगंधा.

निमा_नर्स
डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा वगैरे काही नको.

डंकवाला
बास्केटबॉलपटू डीमार डीरोझनने २०१८ मध्ये टोरंटोकडून खेळताना आपल्या डिप्रेशनबद्दल उघड लिहिलं होतं. पोराला दाखवा, खेळाडूचं ऐकेल. मी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय, तिसऱ्या रांगेतून. मिड-रेंज म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

टवाळखोर
तिसरी रांग दर वेळी पुढे सरकतेय. मागच्या धाग्यात नववी होती.

कोथिंबीर
घाबरतच लिहिते. आर्कान्सात २०१६ मध्ये सुरू झालेला 'द कन्फेस प्रोजेक्ट' म्हणून आहे, ते बार्बरांनाच ऐकून घ्यायला शिकवतात. ताईंच्या पोस्टमधलं ते सात आठवड्यांचं वाचून आठवलं. थेरपीला पर्याय नाही हो, पण बार्बर ओळखीचा असेल तर?

आणि पैशांचं: पिस्कॅटवेला रटगर्स विद्यापीठाचं क्लिनिक आहे. मानसशास्त्रात डॉक्टरेट करणारे विद्यार्थी अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली बघतात, फी उत्पन्न बघून.

पार्सिपनीकर
विद्यार्थ्यांच्या हातात पोरगा? १९०वालेच घ्या.

साताऱ्याची_सून
तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, अगदी अश्वगंधावाल्यांचेही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं, सगळं नीट विचारलं, आता दर आठवड्याला बघतात. रटगर्सचा फॉर्म भरून ठेवला होता, तराजीबाईंच्या संस्थेचा अर्जही तयार होता. लेकाने सगळं बाजूला सारलं आणि त्या दहा मिनिटांवरच्या गोऱ्या बाईच हव्यात म्हणाला. कारण काय, तर तिथे चालत जाता येतं. 'पाऊण तास जायला आणि पाऊण तास यायला तुझ्याबरोबर गाडीत बसायचं? तू विचारणार, काय बोललास.' विचारलं असतंच मी.

कोणीतरी नाव काढून घेतलं म्हणून नंबर लवकर लागला. कोपे, म्हणजे इन्शुरन्स असूनही दर वेळी आपण भरायचे ते, ३५ डॉलर. मृण्मयीचा प्रश्न त्यानेच फोनवर विचारला, मी दाराबाहेर उभी होते. बाई म्हणाल्या, 'मी विचारेन, मग तू काय केलंस, आणि घरी कोणाला सांगितलंस का.' तो बराच वेळ गप्प होता. मग 'ओके' म्हणाला. दोन सेशनं झाली. चिडचिड आहे तशीच आहे.

गेल्या शनिवारी बाबा केस कापायला निघाला तर हा न विचारताच गाडीत जाऊन बसला. केस नाही कापले. दीड तास नुसता बसून आला.

अटलांटाची_मृण्मयी
❤️

पार्सिपनीकर
छान. तरी १९०वाल्यांसारखा आणखी एक माहितीत आहे, २१० घेतात. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.