मदत हवी आहे: विंडोज 11 नको, 10 वरच राहायचंय, जमेल का?

बार्शीकर_प्रेस

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

बार्शीला माझा छोटा छापखाना आहे. 1998 पासून डीटीपी करतोय, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, जे येईल ते. माझ्याकडे दोन मशिनं आहेत. एक छापखान्यातलं, दुसऱ्या पिढीचा आय3, 4 जीबी रॅम (दाखवतं सव्वातीनच), विंडोज 10 ची 32 बिटवाली. त्यावर पेजमेकर 7 (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि एक जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं लॉक (चावीसारखा छोटा ठोकळा) मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं, यूएसबीला नाही, तो पूर्वीचा रुंद 25 पिनांचा पोर्ट असायचा त्याला. लॉक काढलं की मराठी टाइप होत नाही, विषय संपला. ज्याच्याकडून घेतलं त्यानं हा धंदा कधीच सोडला, आता कापडाचं दुकान टाकलंय.

दुसरा लॅपटॉप, 2020 ला घेतलेला, दहाव्या पिढीचा आय5, विंडोज 10 प्रो 64 बिट. त्यावर जीएसटी, बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइली.

आता त्रास असा की लॅपटॉप चालू केला की अधनंमधनं अख्ख्या स्क्रीनवर निळं आमंत्रण येतं, विंडोज 11 फुकट आहे, घ्या. मी 'नको' शोधून दाबतो, चार दिवसांनी परत हजर. परवा कामावरच्या पोरानं घाईत भलतंच बटण दाबलं आणि डाउनलोड सुरू झालं, मी धावत जाऊन वायफायच बंद केलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याला वाटलं शॉर्टसर्किट झालं.

भाचा हिंजवडीला आहे, तो म्हणतो मामा ते भंगार काढा दोन्ही. कॉम्प्युटर दुकानवाला म्हणतो 10 आता बंद झालं, व्हायरस येणार, नवीन मशीन घ्या. सीए म्हणतात पोर्टल चालणार नाही. अहो पण माझ्याकडं 2004 पासूनच्या पत्रिकांच्या फाइली आहेत, थोरलीचं लग्न 2009 ला झालं त्याच घरातली धाकटी आता येते आणि म्हणते काका ताईची होती अगदी तशीच पाहिजे, मी फाइल उघडतो, चि.सौ.कां. च्या पुढचं नाव बदलतो, ट्रेसिंग काढतो, झालं. हे सगळं जुन्या फॉन्टात आहे, युनिकोडात (आताच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीत) नेलं की रफार एकीकडं आणि वेलांटी दुसरीकडं, एकदा करून बघितलंय, अख्खी रात्र गेली होती.

तर विचारायचं एवढंच, (1) ते आमंत्रण बंद कसं करायचं, (2) 10 वर राहिलं तर खरंच काय होतं, भीती नको, खरं सांगा. आणि कृपा करून कुणी 'नवीन घ्या' म्हणू नका, लग्नसराई आहे.

टिचकी

दादा, आधी तुमच्या जुन्या मशीनबद्दल. त्यावर विंडोज 11 येऊच शकत नाही. 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, आणि त्याची 32 बिट आवृत्ती निघालीच नाही. उद्या कुणी तुम्हाला 'जुगाड करून टाकून देतो' म्हणालं तरी देऊ नका करायला, कारण 64 बिट विंडोजमध्ये 32 बिटचा ड्रायव्हर चढत नाही आणि तुमच्या लॉकचा ड्रायव्हर त्या काळातला म्हणजे 32 बिटचाच असणार. तिथं लॉक मेलं.

लॅपटॉपवर 11 येऊ शकतं, म्हणून त्यालाच आमंत्रण. प्रो आहे ना, मग सोपं आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबा, जीपीएडिट डॉट एमएससी टाइप करा (इंग्रजीत अर्थात), मग कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, त्यात विंडोज अपडेट फॉर बिझनेस, तिथं 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' अशी ओळ आहे ती उघडून एनेबल करा. वरच्या रकान्यात विंडोज 10 आणि खालच्यात 22एच2 (10 ची शेवटची आवृत्ती). ओके करून रीस्टार्ट. पोरानं सुरू केलेलं डाउनलोड अर्धवट असेल तर हे करायच्या आधी अपडेट 7 दिवस पॉज करा.

हे जमत नसेल तर स्टीव्ह गिब्सन यांच्या जीआरसी साइटवर इनकंट्रोल म्हणून फुकट टूल आहे, ते हेच काम एका बटणात करतं.

अवली_अण्णा

हे आमंत्रणाचं प्रकरण नवीन नाही हो. 2016 ला 7 वरून 10 वर न्यायचं होतं तेव्हा त्या खिडकीची फुली दाबली तरी ठरलेल्या वेळेला अपग्रेड व्हायचंच, फुली म्हणजे होकार धरायचे! जगभर बोंब झाल्यावर बदललं. कॅलिफोर्नियातल्या एका बाईचं मशीन अपग्रेडनंतर नीट चालेना म्हणून तिनं दावा लावला आणि 10000 डॉलर वसूल केले. आपल्याकडं दावा लावून निकाल येईपर्यंत विंडोज 15 आलेलं असेल.

मी तर 7 वर 2022 पर्यंत होतो, काही झालं नाही.

मीनल_ठाणे

अण्णा, "मला काही झालं नाही" हे हेल्मेटबद्दल पण लोक म्हणतात.

मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे म्हणून जरा कडू बोलते, काका राग मानू नका. अपग्रेड आणि अपडेट यात तुम्ही गल्लत करताय. अपग्रेड नको म्हणणं हा तुमचा हक्क आहे, मी पण घरच्या मशीनला नाहीच केलं. पण अपडेट म्हणजे भोकं बुजवणं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे फुकटचे अपडेट थांबले, मशीन थांबलं नाही. चालू राहतं, फक्त नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं तेव्हा त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी लावला नव्हता त्यांची मशिनं गेली, आणि त्यात कुणी काही क्लिक करायची पण गरज नव्हती, नेटवर्कवरून आपोआप पसरत होतं.

लॅपटॉपवर तुम्ही बँक करता. तर तिथं निदान ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, मुदत संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय) घ्या. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथं 'एनरोल नाउ' दिसेल. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. पैसे द्यायचेच असं नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट आहे, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे 1000 रिवॉर्ड्स पॉइंट, नाहीतर 30 डॉलर. उशिरा घेतलं तरी मधले अपडेट मिळतात. यात नवीन काही फीचर येत नाही, दिसायला सगळं तसंच राहतं, तुम्हाला हेच हवंय ना.

सीएंचं म्हणाल तर पोर्टल ब्राउझरवर चालतं. एज ब्राउझरला 10 वर निदान ऑक्टोबर 2028 पर्यंत अपडेट मिळणार आहेत असं जाहीर केलेलं आहे. त्यामुळे उद्या लगेच बंद पडणार हे खरं नाही.

डब्लिनवासी

आमच्याकडे युरोपात ग्राहक संघटनांनी लावून धरल्यामुळे ईएसयूला सेटिंग्जचा बॅकअप चालू करायची अट काढून टाकली, फक्त अकाउंटनं लॉगिन ठेवायचं, 60 दिवस लॉगिन झालं नाही तर परत एनरोल करा. भारतात ती सवलत नाही. बाकी काका, ती 2009 ची पत्रिका वाचून गंमत वाटली, आमची पण सोलापूरला अशीच छापली होती, गणपती उलटा आला होता.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, फुकट, आमंत्रणं नाहीत, काही नाही.

टिचकी

@पेंग्विनप्रेमी, आलाच का तू 😀 लॅपटॉपला ठीक आहे, पण त्यांचं पेजमेकर आणि 25 पिनांचं लॉक मिंटवर कोण चालवणार? व्हर्च्युअल मशीनमध्ये (मिंटच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) विंडोज टाकलं तरी त्या पोर्टचं लॉक आतून दिसेलच याची खात्री नाही. सराईत असले प्रयोग नकोत.

पेंग्विनप्रेमी

लॅपटॉपबद्दलच बोलत होतो रे. बरं, राहिलं.

बार्शीकर_प्रेस

सगळ्यांचे आभार. मीनलताई, राग कसला, बरोबर बोललात, मी अपडेट पण बंदच ठेवले होते वर्षभर, कारण एकदा अपडेटनंतर लेझर प्रिंटर दिसेना. जीपीएडिटमधलं टिचकीभाऊंनी सांगितलं तसं केलं, रकाने सापडले. ईएसयूसाठी अकाउंट उघडावं लागलं, पासवर्ड वहीत लिहून ठेवलाय.

आता राहिलं जुनं मशीन. त्याला पण नेट आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइली तिथं घेतो. त्याचं काय?

मीनल_ठाणे

काका, त्याची नेटची केबल काढा. आज. त्या मशीनला नेट लागतं कशाला? फाइल लॅपटॉपवर घ्या, तिथं स्कॅन करा, मग एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हनं छापखान्यात न्या. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्या मशीनला कधी म्हणजे कधी लावायचा नाही. शॉर्टकट व्हायरस आठवतोय ना, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे? आणि ऑटोप्ले बंद करा. एवढं पाळलंत तर ते मशीन आणखी काही वर्षं पेजमेकर चालवेल, अपडेट असो वा नसो.

मदरबोर्ड_मिस्त्री

उशिरा आलो. नांदेडला रिपेअरिंग करतो. सगळे व्हायरसवर बोलले, पण तुमच्या त्या मशीनला खरा धोका म्हातारपणाचा आहे. असल्या मशिनी माझ्याकडं आठवड्याला दोन येतात, कुणाची हार्डडिस्क गेलेली, कुणाच्या बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले. पहिलं काम, हार्डडिस्कचा जसाच्या तसा क्लोन एका एसएसडीवर काढा (क्लोनझिला फुकट आहे), एसएसडी मशीनला लावा आणि जुनी डिस्क कपाटात ठेवा, फॉरमॅट करू नका. मशीन पळायला पण लागेल. दुसरं, सीआर2032 चा सेल बदला, तो गेला की तारीख मागं जाते. तिसरं, प्रिंटर पोर्ट असलेला त्याच जातीचा सेकंडहँड बोर्ड कुठं दिसला तर घेऊन ठेवा, घेताना पोर्ट बोर्डावरच आहे का बघा, आतल्या स्लॉटला लावायच्या कार्डावर ही जुनी लॉकं कधी चालतात कधी नाही. आणि लॉक चालू मशीनमधनं काढू-घालू नका, बंद करून मगच.

बार्शीकर_प्रेस

मिस्त्री, तुमचं वाचून पोटात गोळाच आला, हार्डडिस्क 2012 ची आहे आणि गेला महिनाभर सुरू होताना टकटक वाजते, मला वाटायचं पंखा.

केबल कालच काढली. पोरगं विचारत होतं आता गाणी कशी लावायची. एसएसडी मागवलीय, रविवारी छापखाना बंद ठेवून क्लोन काढतो. तोवर रोज रात्री पत्रिकांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतोय, 11 जीबी भरलं सगळं मिळून.

लॅपटॉपवर चार दिवस झाले, आमंत्रण आलेलं नाही. भाच्याला हा धागा पाठवला, तो म्हणाला मामा ऑक्टोबर 2026 नंतर काय? तेव्हा लॅपटॉप 11 वर नेईन कदाचित, जीएसटीची सही करायचा टोकन तिकडं चालतो का ते आधी कुणाच्या तरी मशीनवर बघून. छापखान्यातलं मशीन मात्र आहे तिथंच.

एक राहिलंच, क्लोन काढताना ते लॉक लावलेलं असावं का काढलेलं?

मदरबोर्ड_मिस्त्री

काढून ठेवा. क्लोन झाला की मशीन बंद करा, लॉक लावा, मग चालू. आणि पहिली पत्रिका उघडून रफार बघा 😀