मदत हवी आहे: ब्यूट क्रीक जलविद्युत प्रकल्पाच्या परवान्यावर हरकती-सूचना कशा लिहाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी उत्तर कॅलिफोर्नियात चिकोला राहतो. इथल्या ब्यूट क्रीक या डोंगरी ओढ्यावर पीजी अँड ई या वीज कंपनीचा डीसॅबला-सेंटरव्हिल जलविद्युत प्रकल्प आहे. त्याच्या परवान्याची मुदत २००९ मध्येच संपली आणि त्यानंतर तो एकेका वर्षाच्या परवान्यावर चालत आला. नवा परवाना फेर्क, म्हणजे अमेरिकेचा केंद्रीय ऊर्जा नियामक आयोग देतो, तोही ३० ते ५० वर्षांसाठी. त्यामुळे अटी लिहिल्या जातानाच बोलायला हवं.

जीव तुटतो तो सामन माशांसाठी. वसंतात समुद्रातून वर येणारे चिनूक सामन उन्हाळाभर काही न खाता खोल डोहांत थांबतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अंडी घालतात. जुलैत काठावरच्या खडकावरून पाहिलं तर तळाशी हातभर लांबीचे मासे प्रवाहाकडे तोंड करून, जेमतेम शेपूट हलवत उभे दिसतात. पाणी तापलं की त्यांच्यात रोग पसरतो. २००३ च्या उन्हाळ्यात असे हजारो मासे अंडी घालण्याआधीच मेले. १९९९ पासून हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या केंद्रीय यादीत आहे.

पेच असा की इथे "धरण काढा" एवढं लिहून भागत नाही. हा प्रकल्प शेजारच्या वेस्ट ब्रांच फेदर नदीचं थंड पाणी हेंड्रिक्स कालव्याने वळवून ब्यूट क्रीकमध्ये सोडतो. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज बनवून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीला मिळतं, तसंच हे. प्रकल्प गुंडाळला तर तो आधारही जाईल. पण हेच पाणी वाटेत डीसॅबलाच्या तलावात उन्हाने तापतं. माझं स्पष्ट मत आहे की तलाव टाळून पाणी बंद नळातून पुढे न्यावं आणि नव्या परवान्यात तशी अट असावी. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये कालवा फुटून ओढा गढूळ झाला होता, तेव्हा कालव्यांच्या देखभालीचीही कडक अट हवी.

इथे कुणी जलशास्त्र, ऊर्जा किंवा पाणीहक्काच्या कायद्यात काम करणारं आहे का? नुसत्या सूचना पाठवल्या तर त्या नोंदीला जातात, पण पुढे आदेशाच्या फेरविचाराची मागणी करायची तर पक्षकार व्हावं लागतं. वकिलाशिवाय एकट्या रहिवाशाने हस्तक्षेप अर्ज, म्हणजे पक्षकार होण्याचा अर्ज, केल्याचा कुणाला अनुभव आहे का? त्यात स्वतःचा संबंध कसा मांडलात? तापमानाच्या अहवालात दिवसाची सरासरी दाखवतात, त्यात दुपारचा चटका झाकला जातो असं मला वाटतं. कमाल तापमानाची मर्यादा मागायची तर कोणती आकडेवारी जोडावी? आणि राज्याचं पाणी मंडळ पाण्याच्या गुणवत्तेचं जे प्रमाणपत्र देतं, त्यातल्या अटी फेर्कला परवान्यात घ्याव्याच लागतात. मग सगळा जोर तिथेच लावावा का?

कुणी असा अर्ज केला असेल तर मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज. माझा कच्चा मसुदा तयार आहे, वाचायला कुणी तयार असेल तर पाठवतो.