तान्ह्यांचा बाप्तिस्मा कॉन्स्टंटाईनने आणला म्हणणाऱ्यांना उत्तर

वसईकर :
काल येथे एका सदस्यांनी ठामपणे लिहिले की, तान्ह्या मुलांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या राजाश्रयाने आला आणि पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती मंडळीला तो ठाऊकच नव्हता. हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही. इ.स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन लिहितो की मुलांच्या बाबतीत थांबावे, निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कशाला, आणि त्यांच्या वतीने वचन देणाऱ्यांना जोखमीत का घालावे? जी गोष्ट कुणी करतच नव्हते, तिला विरोध करण्यासाठी त्याने लेखणी का उचलली असती? पुढे सुमारे 50 वर्षांनी फिदुस नावाच्या बिशपांनी कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्याकडे विचारणा केली की सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंत थांबावे का. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पावलाचे चुंबन घेणे लोकांना नकोसे वाटते, असेही कारण त्यांनी दिले. सिप्रियनसह 66 बिशपांच्या सभेने एकमताने कळवले की थांबू नये, आणि त्या पावलाचे चुंबन घेताना ते नुकतेच घडवणाऱ्या देवाच्या हातांचे स्मरण करावे. तेव्हा कॉन्स्टंटाईन जन्मलाही नव्हता.

अकोल्याची लेक :
तेर्तुल्यनचे तेच प्रकरण शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती. तो अविवाहितांनाही थांबायला सांगतो, कारण बाप्तिस्मा ही त्याच्या दृष्टीने जाणतेपणी पेलण्याची जबाबदारी आहे. तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याची प्रथा येशूच्या प्रेषितांपासून सर्वमान्य असती, तर त्याने ती इतक्या सहज मोडीत काढली नसती. चौथ्या शतकातील धर्मपंडित, नाझियान्झसच्या ग्रेगरीचे वडील स्वतः बिशप होते, तरी मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला नाही. पुढे संत म्हणून गाजलेला ऑगस्टीन लहानपणी पोटदुखीने मरणाच्या दारी पोचला, तेव्हा त्याची आई मोनिका हिने बाप्तिस्म्याची तयारी केली. तो बरा होताच तिने ती पुढे ढकलली, आणि अखेर 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये तिथल्या बिशप आंब्रोजच्या हातून तो झाला. मोनिकापेक्षा श्रद्धाळू आई कोणती दाखवाल? मी स्वतः सतराव्या वर्षी, जानेवारीच्या गार पाण्यात, सगळ्या मंडळीसमोर साक्ष देऊन उतरले. तो दिवस मला आजही आठवतो. तान्हेपणी झालेल्याला काय आठवणार?

जुने शिलालेख :
आपण दोघे एकाच पुराव्याची दोन टोके ओढत आहात. सिसिलीतील कातानिया येथे युलिया फ्लोरेन्तिना या मुलीचा मृत्युलेख सापडला आहे. वय दीड वर्ष आणि 22 दिवस. तेव्हाच्या हिशेबाने रात्रीच्या आठव्या तासाला, अखेरचा श्वास घेत असताना तिला बाप्तिस्मा दिला गेला आणि त्यानंतर ती चार तास जगली. अशा लेखांवरून मला तरी असे वाटते की निरोगी मूल वाढू द्यायचे आणि आजारी मुलाला ताबडतोब बाप्तिस्मा द्यायचा, अशी रीत बऱ्याच ठिकाणी असावी. ग्रेगरीनेही 381 मध्ये हेच सांगितले : धोका असेल तर लगेच, नसेल तर तीन वर्षांच्या आसपास.

मुळगावची नात :
धोक्याचा विषय निघालाच आहे, तर मला बोलू द्या. माझ्या आजीचे पहिले बाळ दुसऱ्याच दिवशी, स्नानसंस्काराआधी गेले. तेव्हाच्या धर्मगुरूंनी त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावले. आजी पुढची 50 वर्षे मृतांच्या दिवशी आधी कुंपणाबाहेर मेणबत्ती लावायची आणि मगच आत जायची. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळे दंडास पात्र ठरतात, हे ऑगस्टीनने, माणूस जन्मतः पापी नसतो म्हणणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांशी भांडताना ठासून सांगितले, आणि 418 च्या कार्थेजच्या सभेने नवजातांनाही आदिपापाच्या, म्हणजे आदामापासून आलेल्या जन्मजात पापाच्या, क्षमेसाठीच बाप्तिस्मा असतो असा नियम केला. त्या वादाचा भार माझ्या आजीने वाहिला.

वसईकर :
आजींचे दुःख ऐकून मान खाली जाते. तरीही संत ऑगस्टीनवर सगळे ढकलणे अन्यायाचे आहे. त्यांनी त्या बाळांसाठी अत्यंत सौम्य दंड म्हटले होते, आणि बालस्नानसंस्कार तर पेलागियसचे अनुयायीही मान्य करीत होते.

मुळगावची नात :
'अत्यंत सौम्य दंड' हे शब्द दोन दिवसांच्या बाळाच्या आईसमोर उच्चारून दाखवा! सोळाशे वर्षांच्या वादात एकाही विद्वानाला ते जमले असेल, असे मला वाटत नाही. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे असे लिहिले. आजी तोवर हयात नव्हती.

अकोल्याची लेक :
म्हणूनच मी म्हणते की तारण पाण्याच्या वेळेवर टांगू नये. आमच्याकडे बाळ प्रार्थनेने देवाला अर्पण करतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि ते गेले तर कुणी कुंपण दाखवत नाही.

वसईकर :
ताई, तुमच्याकडे कुंपण नसेल, पण बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' सांगतात त्याप्रमाणे लुदिया आणि बंदिशाळेचा नायक यांनी घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, त्या घरांत एकही लेकरू नव्हते हे आपण कशावरून ठरवता?

अकोल्याची लेक :
होते हेही आपण कशावरून ठरवता? त्या वचनांत मुलांचा उल्लेख नाही. कॉन्स्टंटाईनचा संबंध जोडणारे काल चुकले, एवढे मी सिप्रियनच्या पत्रापुरते मान्य करते. पण 66 बिशपांच्या निर्णयानंतर शंभराहून अधिक वर्षांनी जन्मलेला ऑगस्टीन त्याच आफ्रिकेत तान्हेपणी बाप्तिस्म्याविना राहिला, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

वसईकर :
देतो. पापे धुण्याची संधी एकदाच मिळते, म्हणून ती जपून ठेवायची, ही त्या काळच्या आईबापांची भीती होती, आणि पुढे स्वतः ऑगस्टीननेच त्या दिरंगाईबद्दल खंत व्यक्त केली. सगळीकडे सरसकट तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याचीच रीत होती, असा माझा दावा असेल तर तो मी मागे घेतो. मुळगावच्या ताईंना मात्र माझ्याकडे उत्तर नाही.