सीनियर सिस्टरांचं ज्ञान वॉर्डात टिकवायचं कसं?

आयसीयू_सिस्टर: मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टर लवकरच रिटायर होतायत. फिट्सवरचं फेनिटोइन नॉर्मल सलाइनमध्येच द्यायचं, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो; सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक आरएलसोबत (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेलं सलाइन) सोडायचं नाही, एवढं पुस्तकात मिळतं. पण कोणता सिरिंज पंप बॅटरीवर दगा देतो, पेशंट सीटीला नेताना बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनची दुसरी सिरिंज आधीच भरून सोबत घ्यायची, हे त्यांच्याकडूनच कळतं. नवीन मुली हाताखाली तयार होतात आणि आखातात नाहीतर जर्मनीला जातात. पगार बघता त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मेट्रन ऑफिसनं आता फर्मान काढलंय, प्रत्येकीनं प्रोटोकॉल लिहून द्यायचे, तेही ड्युटी संपल्यावर. नाईट करून, ओव्हर देऊन (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवून) वर तासभर कागद लिहायचे? सगळ्या वैतागल्यात. याहून बरी पद्धत कुठे आहे का?

निवृत्त परिसेविका: अगं, फाइल कपाटात जाते आणि एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) माणसं येणार म्हटलं की बाहेर निघते. डायल्यूशनचा (कोणतं औषध कशात किती पातळ करायचं, त्याचा) तक्ता लॅमिनेट करून औषधाच्या ट्रॉलीवरच लाव. पंपाची खोड पंपावरच चिकटव. बाकीचं ओव्हरमध्ये शिकवायचं. ओव्हर स्टेशनवर बसून नको, बेडपाशी. दोघींनी मिळून पंपावरचा रेट वाचायचा, युरिन बॅग बघायची, पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघायची. तेव्हा सीनियर जे सहज बोलून जाते, ते मुलींच्या डोक्यात राहतं. त्यासाठी दोन शिफ्टची अर्धा तास गाठ रोस्टरमध्येच पाडून घ्या.

मुंबईची नर्स: मॅडमचं पटतंय, पण माणसं कुठून आणायची? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. आमच्या वॉर्डात नाईटला एकटी सिस्टर किती पेशंट सांभाळते ते लिहायचीही लाज वाटते. आम्ही आयसबारचा छापील कागद ओव्हरला वापरतो: ओळख, आत्ताची स्थिती, पूर्वेतिहास, तपासणी, पुढे काय करायचं. निरोप सुटत नाहीत, आणि घरी गेल्यावर "ते अँटिबायोटिक दिलं होतं का" असे फोन कमी झाले. माझ्यासाठी तीच मोठी गोष्ट आहे.

आयसीयू_सिस्टर: ते फोन मलाही झोपू देत नाहीत. तक्ते याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरांकडून तपासून घेते. गाठीचा अर्धा तास ड्युटीत धरा, असा अर्ज आम्ही सगळ्या मिळून मेट्रनना देतोय. मॅडम, तुमच्याकडे तो रोस्टरमध्ये कसा दाखवायचे?

निवृत्त परिसेविका: सकाळची शिफ्ट अडीचपर्यंत, दुपारची दोनपासून. दोघींच्या सह्या हजेरीवर. अर्जाला तसं रोस्टर जोडूनच दे.