गॅरेजमध्ये ठेवलेली बुलेट परत मिळत नाही, सल्ला हवा आहे

नमस्कार. २०२३ साली पुण्याहून बंगळुरूला बदली झाली तेव्हा मी माझी बुलेट इंजिनाच्या कामासाठी ओळखीच्या गॅरेजमध्ये दिली. बिलाचे ९,२०० रुपये मी तिकडूनच पाठवले आणि ‘गाडी असू दे इथंच, भाडंबिडं काही नको’ असे मालक स्वतः फोनवर म्हणाल्यामुळे मी निर्धास्त राहिलो. आता गाडी न्यायला गेलो, तर रोजचे ५० रुपये या हिशेबाने जागेचे भाडे भरल्याशिवाय ती सोडणार नाही, असे ते म्हणतात. ताडपत्री उचलून पाहिली, तेव्हा मीटरवर अकराशे किलोमीटर वाढलेले दिसले. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. सरळ जाऊन गाडी काढावी का?

जुना_वकील :
तसे मुळीच करू नका; हाणामारी होईल आणि तक्रार तुमच्याच नावे नोंदवली जाईल. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७० नुसार कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवता येते (कायद्यात हिऱ्याला पैलू पाडून देणाऱ्या जवाहिऱ्याचा दाखला आहे), परंतु तुमची मजुरी चुकती आहे आणि नुसत्या जागेच्या भाड्यासाठी, तसे आधी ठरलेले नसल्यास, हा हक्क पोचत नाही. परवानगीवाचून गाडी वापरून काही नुकसान झाले असेल, तर त्याची भरपाई कलम १५४ खाली मागता येते. पैसे पाठवल्याचा पुरावा जोडून, १५ दिवसांची मुदत देऊन, पोच मिळेल अशा टपालाने लेखी मागणी करा. मागणीनंतर नकार मिळाला, की त्या दिवसापासून दाव्यासाठी तीन वर्षे मिळतात. पोलीस बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगतील, तरीही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

घाटवाट :
त्याआधी गाडीच्या क्रमांकावर ई-चलन तपासा. विमा संपला असेल, तर गाडी ताब्यात आल्यावरही चालवत आणू नका, टेम्पोत घाला. मीटरचा फोटो मात्र मालकांच्या समोरच काढा.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. दोन चलने निघाली. दोन्ही विनाहेल्मेटची, आणि एकाच्या फोटोत गॅरेजमधला पोऱ्या स्पष्ट ओळखू येतो. तो फोटो नोटिशीसोबत जोडून पाठवला. काल मालकांचा फोन आला होता; भाड्याचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त ‘टेम्पो कधी आणताय’ एवढेच विचारले. चलनांचे पैसे त्यांच्याकडून घेतल्याशिवाय ताबापावतीवर सही करणार नाही.